व्हिडिओ गेमचं एआय शिकायचं म्हणजे नेमकं काय शिकायचं?

गेम सुरू असताना पडद्यावरचं चित्र साधारण सेकंदाला ६० वेळा बदलत असतं. हिशेब केला तर एका चित्राच्या, म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. त्यातला मोठा घास चित्र रंगवण्यात जातो. मग कोण कशावर आदळलं, आवाज कुठून आला, ऑनलाइन असेल तर समोरच्याचा डेटा पोचला का, ही कामं. सगळ्यांचं भागल्यावर शत्रूच्या डोक्याला बऱ्याचदा उरतात एक-दोन मिलिसेकंद. आणि शत्रू काही एकटा नसतो. वीस-पंचवीस जण एकाच वेळी कुठे पळायचं, कधी लपायचं, गोळी झाडायची की थांबायचं हे ठरवत असतात.

विद्यापीठात ‘गेम एआय’ या नावाखाली जे शिकवतात, त्यातलं बरंचसं या तुटपुंज्या वेळेतून निघालेलं आहे. चॅटबॉटने उत्तराला पाच सेकंद घेतले तर आपण वाट बघतो. गेममधला पहारेकरी पाच सेकंद विचार करत उभा राहिला तर आपण त्याला लोळवून पुढच्या खोलीत गेलेलो असतो.

दुसरी अट याहून चमत्कारिक आहे. या शत्रूने शेवटी हरायचं असतं, पण तो मुद्दाम हरतोय असं खेळणाऱ्याला वाटता कामा नये. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या इतर शाखांमध्ये यंत्र जितकं अचूक तितकं चांगलं. इथे अचूकपणा सोपा आणि माफक चुकणं अवघड. प्रवेश घेणाऱ्या मुलांना हे सहसा पहिल्या सत्रानंतर कळतं. त्यांच्या पालकांना तर कळतच नाही, कारण त्यांच्या लेखी मुलगा ‘गेम खेळायला’ परदेशी निघालेला असतो.

एडमंटनमधली सोंगट्यांची गोष्ट

हा विषय जिथे जुना आणि खोल रुजला आहे अशा जागांपैकी एक म्हणजे कॅनडातल्या एडमंटनचं अल्बर्टा विद्यापीठ. तिथल्या जोनाथन शेफर यांनी १९८९ मध्ये ‘चिनूक’ नावाचा चेकर्स खेळणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. चेकर्स आपल्याकडे फारसं कुणी खेळत नाही. बुद्धिबळाच्याच ६४ घरांच्या पटावर गोल सोंगट्या तिरक्या सरकवायच्या आणि समोरच्याच्या सोंगटीवरून उडी मारून ती उचलायची. तेव्हा या खेळाचे अनभिषिक्त सम्राट होते अमेरिकेतले मॅरियन टिन्सली. पेशाने गणिताचे प्राध्यापक, आणि चाळीसेक वर्षांत हरलेले डाव हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. १९९२ मध्ये लंडनला चिनूकशी सामना झाला. टिन्सलींनी चार डाव जिंकले, चिनूकने दोन, ३३ बरोबरीत सुटले. १९९४ मध्ये बॉस्टनला पुन्हा गाठ पडली. सहा डाव बरोबरीत गेले आणि टिन्सलींनी प्रकृतीच्या कारणाने माघार घेतली. त्यांना कर्करोग निघाला, पुढच्या वर्षी ते गेले. चिनूक जगज्जेता ठरला, पण शेफर यांना हवा होता तसा निकाल कधी लागलाच नाही.

मग त्यांनी माणसाला हरवण्याचा नाद सोडून खेळच सोडवायला घेतला. चेकर्समध्ये शक्य असलेल्या मांडण्या सुमारे ५ वर २० शून्यं इतक्या. त्या सगळ्या तपासणं अशक्य. म्हणून पटावर दहा किंवा कमी सोंगट्या उरलेल्या सुमारे ३९ लाख कोटी मांडण्यांची उत्तरं आधी काढून साठवली आणि सुरुवातीकडून येणारा शोध या साठ्याला नेऊन भिडवला. २००७ मध्ये निकाल जाहीर झाला: दोघांनीही बिनचूक खेळ केला तर डाव बरोबरीतच सुटतो.

वर्गात हे सारं ‘शोध’ या प्रकरणात येतं: चालींचं झाड, समोरचाही हुशार आहे असं धरून केलेला मिनीमॅक्सचा हिशेब, निरुपयोगी फांद्या छाटणं. बौद्धिकदृष्ट्या विषयाचा हा सर्वांत देखणा भाग आहे असं माझं मत. पण चिनूकसारखा प्रतिस्पर्धी विकत घेऊन संध्याकाळी त्याच्याशी कोण खेळेल? कधीच हरत नाही हे ठाऊक असलेल्याशी दुसऱ्यांदा खेळायला कुणी बसत नाही.

चार भुतं, चार स्वभाव

याच्या दुसऱ्या टोकाला ‘पॅकमॅन’ ठेवून बघा. जपानच्या नामको कंपनीत तोरू इवातानी यांनी १९८० मध्ये बनवलेल्या या गेममधली भुतं अनेक वर्गांत उदाहरण म्हणून येतात, आणि ते रास्तच आहे. लाल भूत सरळ पॅकमॅन, म्हणजे खेळणाऱ्याचं पात्र, ज्या घरात आहे त्या घरावर नेम धरतं. गुलाबी भूत तो ज्या दिशेला तोंड करून आहे त्या दिशेला चार घरं पुढचा नेम धरतं, म्हणजे वाट अडवायला बघतं. निळं भूत पॅकमॅनच्या दोन घरं पुढचा बिंदू घेतं, लाल भुतापासून त्या बिंदूपर्यंत रेघ ओढतं आणि ती दुप्पट लांबवून जिथे संपेल तिथे निघतं. त्यामुळे लाल भूत लांब असताना ते भरकटल्यासारखं वाटतं, जवळ आलं की दोघं मिळून कोंडीत पकडतात. नारिंगी भूत आठ घरांपेक्षा लांब असेल तोवर पाठलाग करतं आणि जवळ आलं की घाबरल्यासारखं आपल्या कोपऱ्याकडे वळतं.

एकाही भुताला दुसऱ्याशी बोलता येत नाही. कुणीही काही शिकत नाही. तरी खेळणाऱ्याला वाटतं की चौघांनी मिळून डाव रचलाय. त्याहून कौतुकाची गोष्ट म्हणजे पहिल्या पातळीवर भुतं आधी ७ सेकंद आपापल्या कोपऱ्यात जातात, मग २० सेकंद पाठलाग, पुन्हा ७ सेकंद माघार. खेळणाऱ्याला श्वास घ्यायला मिळावा म्हणून ही माघार मुद्दाम ठेवली आहे. चिनूकमध्ये अशा ओळीला जागाच नव्हती.

वाट शोधणं

प्रत्यक्ष अभ्यासक्रमात सर्वांत जास्त घाम निघतो तो वाट शोधण्यात. नकाशा पटासारखा घरांत वाटलेला आहे, पात्राला इथून तिथे जायचंय, मधे भिंती आहेत. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलेल्यांना डाइकस्ट्राचा अल्गोरिदम आठवत असेल. सुरुवातीच्या घरापासून सगळीकडे सारखं पसरत जायचं आणि लक्ष्य सापडलं की थांबायचं. उत्तर बरोबर येतं, पण किती घरं पालथी घालून? समजा मैदान मोकळं आहे, चारच दिशांनी सरकता येतं आणि लक्ष्य उजवीकडे सरळ २० घरांवर आहे. १९ घरांच्या आतली सगळी घरं मोजली तर ती भरतात ७६१. एवढी तपासून झाल्यावर डाइकस्ट्रा लक्ष्याच्या घराला हात लावतो.

१९६८ मध्ये स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्रम राफाएल यांनी यात एक छोटी भर घातली. ‘शेकी’ नावाचा चाकांवरचा रोबो खोल्यांमधून फिरवायचा होता, त्याच्यासाठी. प्रत्येक घराला दोन आकडे द्यायचे: इथवर यायला किती पावलं लागली, आणि इथून लक्ष्य अंदाजे किती लांब आहे. दोन्हींची बेरीज सर्वांत कमी असेल ते घर आधी उघडायचं. वरच्या मैदानात सरळ रेषेतल्या प्रत्येक घराची बेरीज २० येते (पाच पावलं चालून आलो, अजून पंधरा उरली) आणि रेषेबाहेर पाऊल टाकलं की ती २२ होते. म्हणून हा अल्गोरिदम सरळ रेषेतली २० घरं उघडतो आणि पोचतो. ७६१ च्या जागी २०. याचं नाव ए-स्टार. अंदाज खऱ्या अंतरापेक्षा कधीच जास्त धरला नाही, तर मिळालेली वाट सर्वांत जवळचीच असते, हे सिद्ध करता येतं.

अडचण सुरू होते ती इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची भिंत आडवी आली की. अंदाज म्हणतो लक्ष्य समोरच आहे, म्हणून अल्गोरिदम त्या खोबणीत शिरतो आणि आतलं घर न् घर तपासून मगच बाहेरून वळसा घालायला निघतो. पडद्यावर तपासलेली घरं रंगवून दाखवणारा प्रोग्रॅम लिहिला की ही खोबण रंगाने भरत जाताना दिसते. ए-स्टार पाठ करणं आणि कळणं यातलं अंतर इथे कापलं जातं.

अंदाजाला दीडने गुणायचं ही एक पळवाट. शोध भरकन होतो, आणि वाट वाकडी झालीच तर ती फार तर दीडपट लांब असेल याची हमी राहते. गेमला एवढं पुरतं. सैनिक सहा पावलं जास्त चालला हे कुणाच्याही लक्षात येत नाही, तो अडखळून उभा राहिला तर मात्र सगळ्यांना दिसतं.

दुसरी युक्ती पुन्हा एडमंटनची. पुण्याहून नागपूरला सीताबर्डीत जायचं असेल तर आपण घरच्या गल्लीपासून एकेक चौक जोडत बसत नाही. आधी नगर, संभाजीनगर असा ढोबळ रस्ता ठरवतो आणि गल्ल्यांचं त्या-त्या वेळी बघतो. नकाशाचे मोठे तुकडे पाडून आधी तुकड्यांमधली आणि मग तुकड्याच्या आतली वाट काढायची ही पद्धत आदी बोतेआ, मार्टिन म्युलर आणि शेफर यांनी २००४ मध्ये मांडली. त्यांच्या चाचण्यांत ती साध्या ए-स्टारपेक्षा दहा पटींपर्यंत जलद निघाली, आणि वाट सर्वोत्तम वाटेपेक्षा एक टक्क्याच्या आतच लांब. चाचणीचे नकाशे होते ‘बाल्डर्स गेट’ या गेमचे. तो बनवणारी बायोवेअर कंपनी एडमंटनचीच. पुढे त्याच विद्यापीठाशी जोडलेले नेथन स्टर्टेवंट यांनी बायोवेअरच्या ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’साठी वाट शोधणाऱ्या भागावर काम केलं. या गेमचे नकाशे आज जगभरचे संशोधक आपापले अल्गोरिदम तोलायला वापरतात.

दिसतोय का?

छोट्या गोष्टीतही वेळेची कंजुषी कशी चालते ते बघा. पहारेकऱ्याला खेळाडू दिसतो का, हा प्रश्न प्रत्येक पहारेकरी सतत विचारत असतो. खरा तपास म्हणजे त्याच्या डोळ्यापासून खेळाडूपर्यंत किरण सोडून मधे भिंत येते का बघणं, पण तो महाग. म्हणून आधी अंतर बघतात, आणि तेही वर्गमूळ न काढता: अंतराच्या वर्गाची तुलना मर्यादेच्या वर्गाशी केली की भागतं. मग बारावीत शिकलेला डॉट प्रॉडक्ट. नजरेचा कोन १२० अंशांचा असेल तर मधल्या रेषेपासून ६० अंश, आणि ६० अंशांचा कोसाइन ०.५. पहारेकऱ्याची दिशा आणि खेळाडूकडची दिशा या दोन एकक सदिशांचा गुणाकार ०.५ पेक्षा कमी आला तर खेळाडू नजरेच्या बाहेर, विषय संपला. या दोन चाळण्यांतून जो उरेल त्याच्यासाठीच किरण. ‘गेम एआयला गणित किती लागतं?’ असं विचारणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो. गणित उच्च नाही, पण ते हाताशी असावं लागतं.

निर्णय कोण घेतं?

सर्वांत जुनी रीत अवस्थांची. पहारेकरी गस्तीवर आहे, आवाज आला की संशयात, खेळाडू दिसला की पाठलागात, हरवला की शोधात. चार अवस्था कागदावर झकास दिसतात. मग डिझायनर म्हणतो, जखमी झाला तर? गोळ्या संपल्या तर? शेजारचा मेला तर? प्रत्येक नव्या अवस्थेला जुन्या सगळ्यांशी जोडणारे बाण लागतात आणि आकृतीचं जाळं होतं. २००४ च्या ‘हेलो २’ या गेममध्ये डेमियन इस्ला आणि सहकाऱ्यांनी यावर झाडाची रचना वापरली. मुळापासून फांद्या प्राधान्यक्रमाने तपासायच्या: जीव धोक्यात आहे का, नसेल तर लढता येतं का, नसेल तर गस्त. हे ‘बिहेवियर ट्री’ आज अनरियल इंजिन या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळतं आणि नोकरीच्या मुलाखतीत यावर हमखास प्रश्न येतो.

२००५ च्या ‘फिअर’ या गेममध्ये जेफ ऑर्किन यांनी वेगळा रस्ता धरला. सैनिकाला काय करायचं ते सांगायचं नाही, फक्त ध्येय द्यायचं आणि कृतींची यादी द्यायची. प्रत्येक कृतीला अट आणि परिणाम: दार बंद असेल तर लाथ मारता येते, मारली की दार उघडतं. ध्येयापर्यंत नेणारी कृतींची माळ सैनिक स्वतः ओवतो. ही कल्पनाही शेकी रोबोच्याच प्रयोगशाळेतली, १९७१ ची. आणि माळ शोधायला वापरलेला अल्गोरिदम कोणता, तर ए-स्टार. घरांच्या जागी परिस्थिती, पावलांच्या जागी कृती. शिकवणारा चांगला असेल तर हे दोन धडे लागोपाठ घेतो.

पण ‘फिअर’ची खरी गंमत संवादांत आहे. एकटा उरलेला सैनिक ओरडून कुमक मागवतो. कुमक मागवण्याची कुठलीही यंत्रणा त्या प्रोग्रॅममध्ये नाही. पण पुढच्या दालनात तसेही सैनिक ठेवलेलेच असतात. ते दिसले की खेळणारा मनाशी म्हणतो, बघ, खरंच बोलावली! ऑर्किन यांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. एक ध्वनिमुद्रित वाक्य हजार ओळींच्या कोडचं काम करून जातं. काही प्राध्यापकांना ही फसवणूक वाटते. मला तो याच विद्येचा भाग वाटतो, आणि परीक्षेत यावर प्रश्न विचारत नाहीत याचं वाईट वाटतं.

शत्रूबाहेरही एआय असतं. व्हॉल्व कंपनीच्या ‘लेफ्ट फोर डेड’ या गेममध्ये (२००८) पडद्यामागे एक ‘डिरेक्टर’ खेळाडूंवर किती ताण आलाय याचा अंदाज ठेवतो. ताण शिगेला गेला की झोंबींचा लोंढा थांबवतो आणि थोडी शांतता गेली की पुन्हा सोडतो.

आणि ते शिकणारं एआय?

बातम्यांमुळे मुलं येतात ती यासाठी. इथेही एडमंटनचा हात आहे. जुने अटारी गेम एआयला खेळायला देणारी प्रयोगांची चौकट अल्बर्टा विद्यापीठातूनच आली. तिच्यावर गूगलच्या डीपमाइंड कंपनीच्या प्रोग्रॅमने ४९ गेम फक्त पडद्यावरचे पिक्सेल आणि गुण बघून शिकले, असा निबंध २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. प्रत्येक गेमसाठी ५ कोटी फ्रेम, म्हणजे सुमारे ३८ दिवसांचा अखंड खेळ. चेंडूने विटा फोडायच्या ‘ब्रेकआउट’मध्ये त्याने माणसाला कुठल्या कुठे मागे टाकलं. ‘मॉन्टेझुमाज रिव्हेंज’मध्ये मात्र गुण शून्य. तिथे शिड्या उतरून, कवटी चुकवून किल्ली घेतल्याशिवाय एकही गुण मिळत नाही. चाचपडत खेळणाऱ्याला पहिलं बक्षीसच सापडलं नाही, मग शिकणार कशावरून?

स्टुडिओ हे सरसकट वापरत नाहीत, त्याचं कारण रोजच्या कामात आहे. डिझायनर म्हणतो, हा पहारेकरी दोन सेकंद उशिरा वळायला हवा. झाडाच्या रचनेत एक आकडा बदलला की झालं. प्रशिक्षित नेटवर्कमध्ये, म्हणजे असं खेळून-खेळून शिकलेल्या प्रोग्रॅममध्ये, तो आकडा कुठे आहे हे कुणालाच सांगता येत नाही. पुन्हा प्रशिक्षण द्या, पुन्हा तपासा, आणि दुसरीकडे काही बिघडलं नाही ना ते बघा. सोनीचा ‘सोफी’ हा शर्यतीचा चालक इथे अपवाद म्हणावा लागेल. त्याने ‘ग्रान तुरिस्मो’च्या अव्वल खेळाडूंना हरवलं आणि २०२३ मध्ये तो प्रत्यक्ष गेममध्ये उतरला. पण त्याला नुसता वेग शिकवून भागलं नाही. धडका मारल्याबद्दल गुण कापून शर्यतीतली रीतभात शिकवावी लागली. रीतभात गुणांत कशी बसवायची, हा यातला सर्वांत अवघड भाग.

कुठून सुरुवात करावी

‘गेम एआय’ अशा नावाची पदवी शोधत बसू नये. माल्टा विद्यापीठ, न्यूयॉर्क विद्यापीठ अशा काही ठिकाणी यावर स्वतंत्र संशोधनगट आहेत, पण पाया साध्या कॉम्प्युटर सायन्सचाच लागतो: सी प्लस प्लस, डेटा स्ट्रक्चर्स, सदिश, संभाव्यता. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून आहे, म्हणजे हे काम फक्त परदेशातच होतं असंही नाही.

स्वतःला तपासायचं असेल तर ‘स्टारक्राफ्ट’च्या बॉट स्पर्धा बघाव्यात. १९९८ च्या या गेममध्ये प्रोग्रॅम एकमेकांशी लढवण्याची स्पर्धा २०१० पासून भरते. २०१३ ची स्पर्धा जिंकणारा बॉट अल्बर्टा विद्यापीठाचा होता. त्याचे कर्ते डेव्ह चर्चिल आता न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात शिकवतात आणि त्यांच्या वर्गातली व्याख्यानं यूट्यूबवर फुकट बघता येतात. त्यांच्या बॉटचा कोडही खुला आहे. या स्पर्धेच्या नियमांत हुशारीइतकीच घड्याळावरही नजर असते: विचाराला ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेळ घेतलेल्या फ्रेम मोजल्या जातात आणि त्यांची संख्या वाढली की बॉट तो सामना हरतो, मग रणांगणावर तो कितीही पुढे असो.